सैतानाचा वकील

फेब्रुवारी लागला की आमच्या वसईत ओळखीची माणसं 'कसं काय' विचारायचं सोडून 'यंदा काय सोडणार?' असं विचारू लागतात. उपवासकाळ तोंडावर आलेला असतो. कोणी मटण सोडतं, कोणी दारू सोडतं. तरुण पोरं मोबाइल सोडतात आणि तसं मोबाइलवरूनच कळवतात. मासे मात्र धर्मग्रामात कुणी सोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य असलं तरी चर्चच्या नियमात मासा मांसात धरत नाहीत. त्यामुळे दर शुक्रवारी तव्यावर भरलेलं पापलेट चुरचुरतं आणि घरभर प्रायश्चित्ताचा वास सुटतो.

२०२४ साली मी चहा सोडला. निदान तसं जाहीर तरी केलं.

राखेचा बुधवार त्या वर्षी नेमका १४ फेब्रुवारीला आला होता. जगाला प्रेमाचा दिवस, आम्हाला एकवेळ जेवणाचा. बायको म्हणाली, "बरं झालं, यंदा विसरलात असं म्हणायला नको." त्या दिवशीच्या मिस्सेला दरवर्षी एकच शुभवर्तमान असतं. उपवास करणाऱ्याने तोंड पाडून हिंडू नये, डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, लोकांना पत्ता लागू देऊ नये, असं येशू सांगतो. ते मान खाली घालून ऐकायचं, मग रांगेत उभं राहून कपाळावर राखेचा क्रूस काढून घ्यायचा आणि तस्सं लोकलमध्ये चढायचं. कुणी कपाळाकडे पाहिलं की मला चहाचा विषय काढायला सोयीचं पडायचं.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. चहा सुटला की डोकं दुखतं हे कुठलाही कंपाउंडर सांगेल, पण मी त्याला आध्यात्मिक संघर्ष म्हणायचं ठरवलं. वाचनाची आवड असल्यामुळे मला पूर्वसुरीही लगेच सापडले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक तपस्वी होता. साधकाला छळणारे आठ विचार त्याने नोंदवून ठेवले होते. पुढे पोप ग्रेगरी यांच्या हाताखालून गेल्यावर त्यांचीच सात महापापं झाली. त्या आठांत एक भर दुपारचा सैतान आहे. तो आला की सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आणि साधू झोपडीच्या खिडकीतून सारखा बाहेर बघत राहतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून. इव्हाग्रियस आमच्या ऑफिसात चार वाजता कधी बसला असेल असं वाटत नाही, पण वर्णन हुबेहूब आहे. मीही दाराकडे बघत असायचो. किटली घेऊन येणारा पोऱ्या मला टाळून पुढे जायचा आणि मी एखाद्या हुतात्म्यासारखा फायलीत डोकं घालायचो.

इथवर ठीक होतं. पण मग मी मोजायला लागलो.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, पण राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात सेहेचाळीस. सहा जास्तीचे कुठले? तर सहा रविवार. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत. म्हणजे रविवारी चहा चालतो! पुढे लक्षात आलं की चर्चच्या हिशेबात रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. म्हणजे शनिवारी संध्याकाळीही चालतो. १९ मार्चला संत योसेफाचा सण, सणाला उपवास कसला? २५ मार्चवरही माझा डोळा होता, त्या दिवशी मरियेला देवदूताने निरोप दिल्याचा सण असतो. पण त्या वर्षी ती तारीख पवित्र आठवड्यात आली आणि चर्चने सण उचलून ८ एप्रिलला नेला. ईस्टर होता ३१ मार्चला. रोममध्ये कुणीतरी माझ्यावर लक्ष ठेवून होतं, अशी मला शंका आली.

असल्या वाटा शोधणारा मी पहिला नव्हे. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा डुकराएवढा उंदरासारखा प्राणी पाण्यात राहतो म्हणून उपवासकाळात मासा समजून खातात. युरोपात चॉकलेट नवं होतं तेव्हा, सतराव्या शतकात, ते प्यायल्याने उपवास मोडतो का यावर धर्मपंडितांची जुंपली होती. पेयाने उपवास मोडत नाही, असं कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी लिहून ठेवलं. कार्डिनल! आणि चहा हे काय भाकरीचं पीठ आहे?

पहिल्या रविवारी दरवर्षी येशूच्या परीक्षेचं वाचन असतं. मत्तय आणि लूक यांच्यात ते ऐसपैस आहे. दगडाच्या भाकरी करण्याचं, मंदिराच्या टोकावरून उडी मारण्याचं आणि जगातल्या सगळ्या राज्यांचं आमिष. दोघांचा क्रमही सारखा नाही. पण २०२४ हे मार्कचं वर्ष होतं, आणि मार्क दोन ओळींत मोकळा होतो. अरण्य, चाळीस दिवस, सैतान, वन्य पशू, देवदूत, संपलं. उपवासाचं नावसुद्धा नाही! चालू वर्षाच्या शुभवर्तमानकारालाच उपवास महत्त्वाचा वाटला नव्हता, तर मी एवढा जिवाचा आटापिटा का करावा?

मत्तयाच्या वृत्तान्तात एक गोष्ट आहे, ती मला तेव्हाच खटकायला हवी होती. मंदिराच्या टोकावर सैतान येशूला उडी मारायला सांगतो तेव्हा तो शास्त्राधार देतो, चक्क स्तोत्रातला. पूर्वी व्हॅटिकनमध्ये संतपदाच्या उमेदवाराविरुद्ध युक्तिवाद करायला एक अधिकारी असायचा, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १५८७ साली सुरू झालेलं हे काम १९८३ साली दुसऱ्या जॉन पॉल यांच्या सुधारणांत जवळजवळ निकालात निघालं. त्यानंतर रिकामी झालेली ती खुर्ची वसईत बसून, बिनपगारी, मी सांभाळत होतो.

मार्चमध्ये रमजान लागला. आमच्या ऑफिसातले एक सहकारी रोजे धरतात. चहा सोडून मला कसं हलकं वाटतंय, हे मी त्यांना एका दुपारी बराच वेळ समजावून सांगितलं. ते हसून ऐकत होते. बोलून बोलून माझ्या घशाला कोरड पडली, मी बाटली तोंडाला लावली, आणि अर्ध्या घोटात आठवलं की समोरच्या माणसाने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. तरीही मी तो घोट पुरा केला. अर्धवट सोडणं वाईट दिसलं असतं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आमच्या वाडीत क्रुसाची वाट, म्हणजे चौदा स्थानांवर थांबत करायची प्रार्थना, होती. चौदावं स्थान बावखलाकाठच्या एका म्हाताऱ्या मावशींच्या अंगणात होतं. प्रार्थना आटोपल्यावर मावशींनी सगळ्यांना चहा दिला, त्यांच्याच वाडीतली गवती पात घातलेला. मी हात आडवा केला.

"सोडलाय, मावशी."

"साखर हाय काय तुला?" म्हणून त्या आत गेल्या आणि बिनसाखरेचा कप घेऊन आल्या. मी तोही नाकारला. दूध सोसत नसेल म्हणून मग काळा आला. मंडळी बघायला लागली होती. मी घसा साफ करून सांगितलं, "येशूसाठी सोडलाय."

मावशींनी कपाकडे पाहिलं. "त्याला पातीचा चालत नाय?"

फादरांनी काही न बोलता माझ्या हातातला काळा चहा घेतला, पिऊन टाकला आणि दुधाचाही उचलला. इजिप्तचे तपस्वी पाहुणा आला की स्वतःचा उपवास बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जेवत, असं कॅसियन नावाच्या जुन्या साधूने लिहिलेलं मी वाचलं होतं. ते मला आठवलं, पण रस्त्यावर आल्यावर. ऐन वेळी मला फक्त शनिवार संध्याकाळ आठवते.

परतताना डोकं ठणकत होतं. परीक्षेबरोबर देव तिच्यातून बाहेर पडायची वाटही ठेवतो, असं संत पौलाने करिंथकरांना कळवलेलं आहे. माझी वाट पापडीच्या नाक्यावरच्या टपरीवरून जात होती. शुक्रवारी संध्याकाळी सात म्हणजे शनिवारला फक्त पाच तास उरलेले, शनिवार म्हणजे जवळजवळ रविवार. मी कटिंग घेतलं. दुसरं घेतलं तेव्हा मागून आवाज आला, "आमचाच चालत नाय व्हय?" मावशी दुधाची पिशवी घ्यायला आल्या होत्या.

रविवारपर्यंत वाडीभर झालं होतं. मी व्रत मोडल्याची चर्चा कुणी केली नाही, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मावशींच्या हातचा चहा मला कमीपणाचा वाटतो, असा बोभाटा झाला.

पापनिवेदनाला मी तयारीनिशी गेलो. सेहेचाळीस वजा सहा, कार्डिनल ब्रांकाच्चो, मार्क, सगळं ओळीने मांडलं. फादरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा सोडायला तुम्हाला सांगितलं कुणी?" चर्चचा तसा काही नियम नाही, हे माझ्या एवढ्या अभ्यासातून निसटलं होतं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला मावशींकडे चहाला जायला सांगितलं. मी विचारलं, रविवारी गेलं तर चालेल का? ते म्हणाले, "आत्ता जा."

मावशींचा चहा, खरं सांगायचं तर, अती गोड असतो. तो मी तेव्हापासून पितो आहे, दर फेरीला दोन कप, कारण एकावर उठलो तर त्या वाडीला सांगतील.

२०२५च्या उपवासकाळाआधी काय सोडावं यावर घरात खल झाला तेव्हा बायको म्हणाली, "सांगणं सोडा." बढाई ही कांद्यासारखी असते, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा निघतो, असं कॅसियन म्हणून गेला आहे. पण बायकोची सूचना मला मनापासून पटली. यंदा काय सोडलंय ते कुणालाही सांगायचं नाही, असं मी ठरवलं आणि तसं वाडीत, ऑफिसात आणि सात बावीसच्या लोकलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं.