पस्तीसला पास, अडतीसला शहाण्णवावे

वर्षाच्या सुरुवातीला कधीतरी बर्लिनहून आपला निकाल लागतो. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही संस्था आपल्या 'भ्रष्टाचार धारणा निर्देशांका'त देशांना शंभरपैकी मार्क देते. शंभर म्हणजे धुतल्या तांदळासारखा देश, शून्य म्हणजे विचारूच नका. 2024 च्या यादीत डेन्मार्क 90 मार्क घेऊन पहिला, दक्षिण सुदान 8 घेऊन तळाला आणि आपण 38 घेऊन 180 देशांत 96वे. हा निकाल विरोधी बाकांवरून वाचला की आरसा असतो आणि सत्तेच्या बाकांवरून वाचला की परकीय कारस्थान. बाकं बदलली की वाचनही बदलतं, ही प्रथा सर्वपक्षीय आहे.

आमच्या मते दोघंही उगाच तापतात. एसएससी बोर्डाच्या हिशेबाने पस्तीसला पास. आपल्याला वर तीन मार्क आहेत. पेढे वाटायला हरकत नाही.

नंबराचं म्हणाल तर तो फार मनाला लावून घेऊ नये. 2014 साली आपले मार्क 38 आणि नंबर 85वा होता. 2015 साली मार्क तेच 38, नंबर मात्र 76वा. पाऊल न उचलता नऊ पायऱ्या वर! यादीतले काही देश त्या वर्षी गळाले होते. पोरं गैरहजर राहिली की मागच्या बाकावरचाही नंबर सुधारतो.

पेपर तपासतं कोण, हे मात्र पाहण्यासारखं आहे. या मार्कांसाठी बर्लिनची संस्था स्वतः कुणालाच काही विचारत नाही. बारा संस्थांची तेरा मूल्यमापनं ती गोळा करते, त्यातली किमान तीन ज्या देशाला लागू पडतील त्याला यादीत घेते आणि सरासरी काढते. ही मूल्यमापनं कुणाची? लंडन, लोझान, हाँगकाँग अशा ठिकाणच्या संस्थांतल्या तज्ज्ञांची आणि मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची. मोजलं जातं ते त्यांना काय वाटतं, तेवढंच. संस्था हे लपवत नाही, निर्देशांकाच्या नावातच तसं लिहिलंय. लाचेची पावती फाडत नाहीत, मग मोजणार तरी कशी, हा तिचा सवाल बिनतोड आहे.

तरीपण आम्हाला राहून राहून वाटतं की, तेरात चौदावा स्रोत घ्यायला हवा होता. तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सच्या टपरीला टेकून उभा असलेला एजंट. त्याच्या खिशात दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल. त्याला 'वाटत' काही नाही, त्याला पाठ आहे. वारसाच्या नोंदीचा दर वेगळा, खरेदीच्या फेरफाराचा वेगळा, भावकीत भांडण असेल तर दीडपट. मार्चअखेर दर चढतात, बदल्यांच्या हंगामात साहेब नवा असला तर पंधरा दिवस कुणी हात पुढे करत नाही, मग 'जुन्याच रेटने' सुरू. तलाठ्यांचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालं तेव्हा दरात काही फरक पडला का, हेही तो बिनचूक सांगेल. पण लोझानहून त्याला फोन येत नाही.

सामान्य माणसाला कुणी विचारतच नाही असं नाही. हीच संस्था दुसरी एक पाहणी करते, तिच्यात लोकांना थेट विचारतात. 2020 च्या आशियाच्या अहवालात, वर्षभरात सरकारी सेवा घेतलेल्या भारतीयांपैकी 39 टक्के म्हणाले, लाच दिली. 46 टक्के म्हणाले, ओळख वापरली. दोन्हींत आपण सतरा देशांत पहिले! पण हे आकडे त्या अडतीस मार्कांत धरत नाहीत. बरं, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्ती झाली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. एवढं असूनही 39 टक्क्यांनी अनोळखी माणसाला खरं सांगितलं. प्रामाणिकपणाचा निर्देशांक कुणी काढला तर हे मार्क कृपया तिकडे जमा करावेत.

वाटण्यावर मोजायचं ठरलं की दुसरीही गंमत होते. चोर पकडला की गाव बदनाम. आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे कुणी तक्रार करतो, नोटांना पावडर लागते, पंच येतात, सापळा लागतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. राष्ट्रीय गुन्हे नोंदींच्या तक्त्यात अशा गुन्ह्यांत महाराष्ट्र वर्षानुवर्षं अव्वल. ज्या राज्यात सापळाच लावत नाहीत, ते तक्त्यात सोवळं नेसून बसलेलं.

सोवळ्यावरून डेन्मार्क आठवला. 2018 साली हा देश यादीत पहिला होता. त्याच वर्षी उघड झालं की, तिथल्या सर्वात मोठ्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या छोट्याशा शाखेतून 2007 ते 2015 या काळात सुमारे 200 अब्ज युरो फिरले आणि त्यातले बरेचसे व्यवहार संशयास्पद होते. मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. डेन्मार्कचा नंबर हलला नाही, कारण निर्देशांक सरकारी खात्यांपुरता; काळा पैसा पांढरा करणं त्यात धरत नाहीत. म्हणजे आपल्याकडे पाचशे घेणारा मोजला जातो आणि ते पाचशे कोटी होऊन परदेशी बँकेत पोचले की मोजणारे चष्मा काढून ठेवतात.

जागतिक बँकेचीही एक यादी होती, उद्योगसुलभतेची. तीत भारत पाच वर्षांत 142 वरून 63 वर आला. मोजणी फक्त मुंबई आणि दिल्लीची, जल्लोष मात्र देशभर. 2021 साली बँकेने ती यादीच बंद केली. चीनचे आकडे वरच्यांच्या दबावाने फिरवले गेले, असं चौकशी अहवालात आलं. ज्यांच्यावर ठपका आला त्यांनी तो फेटाळला.

बर्लिनच्या तेरा स्रोतांत एक याच जागतिक बँकेचा आहे.