रीळसाहेब

रीळसाहेब हा माणूस एका जन्मात पुरा होत नाही. त्याला चार पिढ्या लागतात. पहिली दोरा काढते, दुसरी दानधर्म करते, तिसरी 'सर' होते आणि चौथी हवा खायला जाते.

अस्सल नमुना पाहायचा तर स्कॉटलंडमधल्या पेझलीला जावं. आपल्या पदरावरच्या कोयरीला इंग्रजीत ज्या गावाचं नाव पडलं, तेच हे. इथं जेम्स कोट्सनं 1826 मध्ये शिवणदोऱ्याची गिरणी उभी केली आणि पुढं 'कोट्स'चं रीळ देशोदेशींच्या शिंप्यांच्या खणात जाऊन बसलं. मुलगा टॉमस. त्यानं गावाला कारंज्यांची बाग दिली, वर वेधशाळा दिली. सुईच्या नेढ्यातून मिळवलेला पैसा त्यानं दुर्बिणीत घातला.

नातूही टॉमसच, पण आडनाव लांबवून ग्लेन-कोट्स. 1894 मध्ये तो बॅरोनेट, म्हणजे 'सर' झाला. आपली रावबहादुरकी धन्याबरोबर सरणावर जायची. हे सरपण मात्र थोरल्या मुलाकडे उतरायचं.

तो थोरला, म्हणजे पणतू, पुन्हा टॉमस! बारशाला डोकं शिणवायची घरात पद्धत नसावी. याला नाद शिडांचा. 1908 च्या ऑलिंपिकमध्ये क्लाइडच्या पाण्यात बारा मीटर वर्गाची शर्यत झाली. बोटी दोनच, त्याही ब्रिटनच्याच. शेवटून पहिला आला असता तरी रौप्यपदक ठरलेलं! पण पठ्ठ्यानं 'हेरा' हाकली आणि सोनं आणलं.

सोनं आलं, वारस नाही आला. 1954 मध्ये साहेब गेले आणि सरपण विझलं. त्याच घराण्यात 1916 मध्ये आलेली ग्लेनटॅनरची लॉर्डकीही 1971 मध्ये संपली. तिथं मुलगी होती. पण या किताबांना मुलगी चालत नाही आणि दत्तकही चालत नाही.

दत्तकावरून आठवलं. साताऱ्याचा दत्तक नाकारून राज्य खालसा करणारा डलहौसीही स्कॉटलंडचाच. त्याला दोन मुली. 1860 मध्ये तो वारला आणि त्याची मार्क्विसकी वारसाअभावी खालसा झाली. साताऱ्यात कुणी पेढे वाटले का, ठाऊक नाही.

रीळ मात्र अजून मिळतं. त्याला वारस लागत नाही. उसवलेला सदरा पुरतो.