आधी चष्मा, मग खून
(उतारवयात रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे)

साहित्य : फुलस्केप कागद, दोन चष्मे (पैकी एक हरवण्यासाठी), थर्मासभर चहा, सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणि आपलीच एखादी जुनी कादंबरी. लॅपटॉपही चालतो, पण तो नातवाच्या ताब्यातून सोडवायची कृती वेगळी आहे.

कृती : सकाळी उठल्याउठल्या कोणाला मारू नये. आधी रक्तदाब मोजावा, मग गोळ्या घ्याव्यात, मग चष्मा शोधावा. चष्मा सापडेपर्यंत साधारण साडेदहा होतात. त्यानंतर भाजीवाला येतो. म्हणजे पहिला खून अकराच्या आत होत नाही, हे गृहीत धरूनच प्रकाशकाला तारीख द्यावी.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबू. १९७९ साली मी एका सावकाराला डिजॉक्सिन देऊन मारला. हे औषध हृदयाचे ठोके ताळ्यावर आणतं. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं, म्हणून आमच्या धंद्यात ते लाडकं. अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३८च्या ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’मध्ये त्याचंच भावंड, डिजिटॉक्सिन, वापरलं आहे. बाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करायच्या कामावर होत्या, त्यामुळे विषाच्या बाबतीत त्यांचा हात पक्का. माझी सगळी विद्या कोपऱ्यावरच्या केमिस्टची. त्याने मला तासभर माहिती दिली आणि पुढे महिनाभर तो आमच्या हिच्याकडे काळजीने बघायचा.

आता तीच गोळी डॉक्टरांनी मला लिहून दिली आहे. आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. तळहातावर ती एवढीशी पांढरी टिकली घेतली की सावकार आठवतो. हिला तर माझ्याआधी आठवतो. “अहो, शुक्रवारची घेतलीत ना? परत घेऊ नका, तुमच्या त्या सावकारासारखी!” नवशिक्यांनी विष निवडताना पुढचा विचार करावा, एवढंच सुचवतो.

यानंतर कथानक. आमच्या वेळी खुनी टेलिफोनची तार कापायचा आणि बंगला जगापासून तुटायचा. लोणावळा, धो धो पाऊस, कापलेली तार. एवढ्या भांडवलावर मी अकरा कादंबऱ्या काढल्या. हल्ली नातू पहिला श्रोता असतो. नायिका बंगल्यात अडकली असं वाचलं की तो विचारतो, “आजोबा, तिने लोकेशन का नाही पाठवलं?” बॅटरी संपली म्हणावं, तर पॉवर बँक कुठे गेली? रेंज नव्हती म्हणावं, तर लोणावळ्यात? शेवटी मी कथा १९७४ सालात नेऊन ठेवली. तिथे कोणाच्याच खिशात काही नसतं.

जुन्या काळात राहण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं. सरकारने आमचा विचार केलेला नाही. इन्स्पेक्टर “तीनशे दोन लावीन” म्हणाला की वाचकाच्या पोटात गोळा यायचा. “एकशे तीन” म्हणाला तर वाटतं, याला पॅरासिटामॉल द्या आणि कपाळावर घड्या ठेवा.

स्मरणशक्ती : हा धडा मी दोनदा लिहिला असल्यास क्षमस्व. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजारावर आहेत, गुरुनाथ नाईकांच्याही. एवढे गुन्हेगार डोक्यात सांभाळायचे म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याचं डोकं हवं. माझ्या जेमतेम साठ, तरी घोळ होतो. टोरोंटोच्या अभ्यासकांनी ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले, तेव्हा उतारवयातल्या पुस्तकांत शब्दांची विविधता आटलेली आणि ‘वस्तू’, ‘काहीतरी’ असे मोघम शब्द वाढलेले दिसले. त्यात ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ होती. ती १९७२ साली आली तेव्हा बाई ८२ वर्षांच्या होत्या. आमच्या घरी मोजणीला टोरोंटोहून कोणी यायची गरज नाही. “ते हे कुठंय?” असं मी विचारलं की सूनबाई न बघता किल्ल्या हातात देते.

बाईंची एक युक्ती मात्र गिरवण्यासारखी. पॉयरोची अखेरची कादंबरी ‘कर्टन’ त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलुपात ठेवली आणि ती १९७५ साली बाहेर काढली. शेवटचं पुस्तक हात चालतो तेव्हाच लिहावं. मला हे उशिरा कळलं.

आता साहित्यातली ती जुनी कादंबरी. गेल्या महिन्यात रद्दीच्या दुकानात मला माझाच सावकार सापडला. किलोच्या भावाने घेतला, घरी आणून वाचायला बसलो, आणि सांगायला हरकत नाही, रंगलो. गोळ्या कोणी बदलल्या? दिवाणजीवर माझा संशय बसला, म्हणजे तो नसणार. इतका सरळ मी तेव्हा नव्हतो. धाकटी सून वाड्याच्या मागच्या जिन्यावर दोनदा दिसते, हे जरा अतीच. वैद्यबुवा गोड बोलतात. पान १७६ला हवालदार दार ठोठावतो, आणि त्यापुढची सोळा पानं नाहीत. अख्खा फर्माच गळलेला.

खुनी कोण, मला आठवत नाही. माझी प्रत पुरात गेली, प्रकाशन केव्हाच बंद झालं. त्या काळी मुद्रणप्रत हीच करायची, म्हणून हिला विचारलं. भेंडी चिरता चिरता म्हणाली, “मला चांगलं आठवतंय. पण सांगणार नाही. तुम्हीच लिहिता ना कव्हरवर, शेवट कोणाला सांगू नका म्हणून?”

तेव्हा वाचकांना विनंती. मुखपृष्ठावर हिरव्या साडीतली बाई, हातात पितळी खलबत्ता, मागे जिना. १९७९ सालची, किंमत चार रुपये. कोणाच्या माळ्यावर, गावच्या वाचनालयात असल्यास पान १७७ ते १९२ झेरॉक्स करून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. टपालखर्च मी देईन. फक्त पाकिटावर खुन्याचं नाव लिहू नका.