साहेबाची थाप

लीड्स

तीर्थरूप बाबा आणि आई,


आई, चिवडा पोहोचला. शेंगदाणे तुमच्या जावयांनी वेचून संपवले, आम्ही उरलेले पोहे खातोय. आता पुढचं पत्र बाबांसाठी.

बाबा, तुमची उभी नोकरी खाकीत गेली, म्हणून एक संशयित तुमच्या हवाली करते. नाव ब्लॅग. इथे येता-जाता भेटतो आणि दर वेळी वेश पालटून येतो. तुमचा नातू चिन्मय इतिहासाचा पेपर देऊन आला. कसा गेला विचारलं तर म्हणे, ‘ब्लॅग केला.’ म्हणजे धडा उघडलाच नव्हता, पण अशा ठसक्यात लिहिलं की तपासणाऱ्याला वाटावं, पोरगा लढाईला जातीने हजर होता. यांच्या ऑफिसातला एकजण तर जर्मन येतं असं सांगून म्युनिकच्या कामावर गेला. त्याला जर्मनमध्ये बिअर मागता येते आणि आभार मानता येतात, बास. बिंग फुटलं तेव्हा ऑफिसने त्याला दटावायचं सोडून त्याचं कौतुक केलं!

शेजारचे आजोबा मूळचे पूर्व लंडनचे. चिन्मयचा ‘ब्लॅग’ ऐकून ते दचकलेच. त्यांच्या तरुणपणी ब्लॅग म्हणजे दरोडा, तोही पगाराची गाडी अडवून, बंदूक रोखून. आणि ब्लॅगर म्हणजे दरोडेखोर. १९७५ ते १९७८ या काळात इथल्या टीव्हीवर ‘द स्वीनी’ नावाची मालिका लागायची, स्कॉटलंड यार्डाच्या फ्लाइंग स्क्वॉडवरची. तिच्यात असले ब्लॅगर पायलीला पन्नास. तुम्हाला आवडेल, फौजदार दणकट आहे. नावाची गंमत अशी की जुन्या लंडनकरांना सरळ शब्द न उच्चारता त्याच्याशी यमक जुळणारं काहीतरी बोलायची खोड. ‘फ्लाइंग स्क्वॉड’ला जुळला ‘स्वीनी टॉड’, म्हणजे गोष्टीतला गिऱ्हाइकांचे गळे कापणारा न्हावी. पुढे टॉड गळाला, स्वीनी उरला. आपल्या क्राइम ब्रँचला कुणी असं नाव ठेवून बघावं!

मग ब्लॅगच्या हातातली बंदूक गळाली आणि नुसती जीभ राहिली. आता गाण्याच्या जलशात बिनतिकीट शिरणं म्हणजे ब्लॅग. कुंपणावरून उडी मारणारा तो नव्हे, ते हुशारीचं काम नाही. खरा ब्लॅगर पिवळंजर्द जाकीट घालून, खांद्यावर शिडी घेऊन मुख्य दारातून जातो आणि पहारेकरीच त्याला वाट करून देतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला मुलाकडच्यांना ‘आम्ही मुलीकडचे’ आणि मुलीकडच्यांना ‘आम्ही मुलाकडचे’ सांगून जिलबी चापणारे असतात, त्याच गोत्रातला.

इथवर हसायला ठीक आहे. पण हाच शब्द सरकारी कागदावरही आहे. दुसऱ्याचं नाव सांगून फोन करायचा, गोड बोलायचं, आणि तिसऱ्याच माणसाची खाजगी माहिती काढून वर्तमानपत्रांना विकायची, हेही ब्लॅगिंगच. २००६ साली इथल्या माहिती आयुक्तांनी संसदेपुढे अहवाल ठेवला, त्यात चक्क दरपत्रक आहे. गुप्त ठेवलेला फोन नंबर ६५ ते ७५ पौंड, एखाद्याच्या गुन्ह्यांची नोंद ५०० पौंड. ब्लॅगरला किती मिळाले आणि गिऱ्हाइकाकडून किती घेतले, याचे रकाने वेगळे. चोरीचा हिशोबही इंग्रज असा टापटिपीने मांडतो. कायद्याने हा गुन्हा आहे, पण त्या कायद्याखाली शिक्षा नुसती दंडाची. तुमच्या भाषेत, जामिनाचीसुद्धा दगदग नको.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथल्या महागड्या शाळांतून आलेली मुलं मुलाखतीत जे करतात त्याला आत्मविश्वास म्हणतात. तेच गल्लीतल्या पोराने केलं की ब्लॅग. आणि आपण? दहावीच्या गुणपत्रिकेपासूनच्या साक्षांकित प्रती फायलीत लावून मुलाखतीला जाणार, आणि ‘येतं का?’ विचारलं की ‘थोडंफार येतं’ म्हणणार. ज्यात डॉक्टरेट केली त्याच्याबद्दलसुद्धा. हे अगदी तस्सेच आहेत. बढतीच्या अर्जात स्वतःचे दोष लिहायला यांना जागा पुरली नाही.

हो, आई सांगत होती, तुम्हाला ‘सीबीआयमधून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झालीय’ असा फोन आला आणि तुम्ही त्या साहेबाला गुन्हा रजिस्टर नंबर, कलम आणि वरिष्ठाचं नाव विचारत बराच वेळ धरून ठेवलंत. शेवटी त्यानेच फोन आपटला. छान केलंत. पण पुढच्या वेळी लगेच ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. ही माणसं आवाजावरून माणूस ओळखतात, आणि आई फार पटकन ‘अगंबाई’ म्हणते.

तुमची
सुमी

ता. क. चिन्मयने शनिवारच्या कॅफेतल्या नोकरीच्या अर्जात ‘मराठी : अस्खलित’ असं लिहिलंय. रविवारी फोनवर त्याला ‘जेवलास का’ एवढंच विचारून सोडू नका. रीतसर जबाब नोंदवा.