सर्वानुमते निरोगी

२००५ साली अवतरलेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने, गावाच्या प्रकृतीचा विचार गावानेच करावा या उदात्त हेतूने, गावोगावी समिती नेमून तिच्या स्वाधीन वार्षिक १०,००० रुपयांचा अबंधित निधी केला. आता या समितीची लोकसहभागाची सभा ऐन पेरणीत भरवावी, म्हणजे वादविवादाचे भय उरत नाही. आणि डोईवर हंडा घेऊन पाणीप्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास करणाऱ्या स्त्रियांकडे हजेरीपुस्तक आशाताईंच्या हस्ते घरपोच धाडावे, म्हणजे महिलांची उपस्थितीही लक्षणीय ठरते. उपकेंद्राला कुलूप का, असा अप्रस्तुत प्रश्न एखाद्या म्हातारीने केलाच, तर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात मोडतो. आणि अध्यक्ष नेमके त्याच दिवशी, गुडघा दाखविण्यासाठी, शहरातील खाजगी इस्पितळात गेलेले असतात.