मित्र बुडाला की निधी असा उभारावा

मित्राच्या घरात पुराचं पाणी शिरलं की पहिला विचार येतो, त्याला थेट पैसे पाठवावेत. हा मोह आवरा. थेट पाठवलेले पैसे दोन मिनिटांत पोचतात, कोणाला कळत नाहीत आणि त्यांतून एखादी समितीसुद्धा निघत नाही. निधी उभारण्याचं एक शास्त्र आहे. नमुन्यादाखल आपण २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर घेऊ. वाशिष्ठी आणि शिवनदी एकदमच बाजारपेठेत आल्या तो दिवस. मुंबई, ठाण्यातल्या बहुतेक कोकणी माणसांचा एखादा तरी वर्गमित्र त्या दिवशी माळ्यावर बसलेला होता, त्यामुळे उदाहरण समजायला सोपं जाईल.

१. नवा ग्रुप काढा. बॅचचा ग्रुप आहेच, पण त्यावर सुप्रभात आणि वाढदिवस चालू असतात, ते थांबवणं बरं दिसत नाही. नाव ‘एक हात मदतीचा’ हेच ठेवा. दुसरं नाव आजवर कोणाला सुचलेलं नाही. डीपीला पुराचा फोटो लावताना तो चिपळूणचाच आहे ना, एवढं पाहा. २०१९ च्या सांगलीचे फोटो अजून जोरात फिरतात आणि आयर्विन पूल ओळखणारा एखादा मिरजकर ग्रुपमध्ये निघतोच. चिपळूणच्या मित्रांनाही ग्रुपमध्ये घ्या. वीज नसल्याने त्यांचे फोन बंद असतील, पण कुठूनतरी चार्जिंग झालं की तुमची सगळी चर्चा त्यांना सलग वाचायला मिळेल. चिखल उपसताना तेवढाच विरंगुळा.

२. खजिनदार नेमा. चिपळूण आगाराचे व्यवस्थापक त्या दिवशी आगाराची सुमारे ९ लाखांची रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते. असा खजिनदार तुम्हाला मिळणार नाही. तुम्हाला मिळेल तो बॅचमधला सीए. तो दोन गोष्टी सांगेल. एक, प्राप्तिकराची सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, मित्राला दिलेल्या पैशांवर नाही. हे ऐकून काही जण ग्रुप सोडतील. त्यांना हात जोडलेली इमोजी पाठवा. दोन, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त भेट मिळाली, तर ती सगळीच्या सगळी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. मामा, काका, मेहुणा हे कायद्याने नातेवाईक. शाळेची दहा वर्षं एका बाकावर बसलेला मित्र कायद्याला ओळखीचा नाही. सरकारनेही त्या वर्षी दुकानदारांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार असाच आकडा धरला होता. तेव्हा मित्राला आधीच समजावा की ५० हजारांच्या वर बुडणं नियमात बसत नाही.

३. गरजू ठरवा. हा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात रंगणारा भाग, याला घाई करू नका. गुगल फॉर्म करा. पाणी किती फूट चढलं, किती तास होतं, दुकान स्वतःचं की भाड्याचं, विमा आहे का, पंचनाम्याची प्रत जोडा. तलाठी येईपर्यंत थांबलो तर चिखल वाळून दगड होईल म्हणून ज्याने आधीच दुकान धुऊन काढलं, त्याच्याकडे नुकसानीचा पुरावा उरत नाही. त्याच्याबद्दल हळहळ व्यक्त करा आणि अर्ज बाजूला ठेवा. यानंतर कोणीतरी लिहील, “त्याने तर गेल्याच वर्षी गाडी घेतली!” ती गाडीही पाण्यात गेली हे तो मित्र तिथेच, त्याच ग्रुपवर खुलाशादाखल लिहील, आणि सोबत फोटोही टाकेल. हा फोटो जपून ठेवा, अहवालात लागतो. ज्याने फॉर्म भरलाच नाही त्याला स्वाभिमानी म्हणून यादीतून वगळा. स्वाभिमानाची कदर व्हायलाच हवी.

४. कपडे गोळा करा. पैसे न देता दिल्याचं समाधान हवं असणाऱ्यांसाठी हा टप्पा आहे. लग्नातला ब्लेझर, एकच सँडल, शाळेच्या स्नेहसंमेलनातला मावळ्याचा पोशाख, सगळं घ्या; कोणाच्या भावना दुखवू नका. चिपळूणहून कोणी कळवेल की खराटे, फावडी, गमबूट, ब्लिचिंग पावडर आणि पाणी उपसायचा पंप पाठवा, शिवाय एखादा वायरमन मिळाला तर बरं. त्याला ‘नोंद घेतली’ असं उत्तर द्या. मग टेम्पो भरून मुंबई-गोवा महामार्गाने सोडा. पूर दोन दिवसांत ओसरतो, या महामार्गाचं काम वर्षानुवर्षं ओसरत नाही, त्यामुळे टेम्पो पोचेपर्यंत मदतीची गरज बदललेली असू शकते. मावळ्याचा पोशाख तेव्हा गणपतीच्या देखाव्याला उपयोगी पडेल.

५. फ्लेक्स छापा. २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे मदतीच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर लावल्यावरून केवढा गदारोळ झाला होता! त्यातून आपण शिकायचं ते एवढंच, की फोटो समितीच्या सगळ्या सदस्यांचे समान आकाराचे असावेत. धनादेश पुठ्ठ्याचा, दोन माणसांनी धरावा एवढा करा. मित्राला त्याच्या रिकाम्या फडताळांसमोर उभं करा. त्याने फार हसू नये, पण अगदीच रडवेलंही दिसू नये. देणाऱ्यांचा उत्साह जातो. भिंतीवरची पाण्याची रेष फ्रेममध्ये यायलाच हवी. ती त्याच्या डोक्याच्या वर असेल तर उत्तम.

६. फितुरांवर लक्ष ठेवा. प्रत्येक बॅचमध्ये असा एखादा असतो. तो ग्रुपवर काही बोलत नाही. तो मित्राला फोन करतो, खाते क्रमांक विचारतो, पैसे टाकतो आणि परत कधी देणार हे विचारतही नाही. एकाने तर याहून पुढची पायरी गाठली. चिपळूणच्या दुकानदाराकडे गणपतीचा माल उधारीवर येतो. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुढचे सहा-सात आठवडे हाच काय तो कमाईचा हंगाम. आधीचा माल पाण्यात, त्याची उधारी मात्र कोरडी ठणठणीत. हा गडी मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे स्वतः गेला, जुन्या देण्याला मुदत मागितली, नव्या मालाला जामीन राहिला. मित्राचं दुकान गणपतीआधी उघडलं. यात ना फ्लेक्स, ना पावती, ना समितीचा ठराव. असल्या माणसामुळे निधीची शिस्त बिघडते आणि इतर लाभार्थींच्या अपेक्षा वाढतात. त्याला ताबडतोब ग्रुपमधून काढा. फॉर्म न भरलेला मित्र म्हणजे हाच दुकानदार, हे नंतर कळलं तरी चर्चा उकरू नका.

७. हिशोब जाहीर करा. यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे ५०१ रुपयांवाला योग्य जागी दिसेल. ‘हितचिंतक’ म्हणून देणाऱ्याच्या पुढे कंसात त्याच्या मुलाचं नाव घाला. सर्वांत कमी देणारा सर्वांत बारीक हिशोब विचारतो, म्हणून टेम्पोचं डिझेल आणि फ्लेक्सचा खर्च ‘व्यवस्थापन’ या सदरात टाका.

८. शिल्लक. काही रक्कम उरतेच, कारण अर्ज छाननीतच राहतात. चिपळूण २६ जुलै २००५ ला बुडालं होतं, २०२१ ला पुन्हा बुडालं, तेव्हा उरलेले पैसे पुढच्या पुरासाठी मुदत ठेवीत टाकावेत असा एक विचार मांडला जाईल. नदीतला गाळ काढा म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात चिपळूणकर उपोषणाला बसले होते, तेव्हा त्यांच्या सोबत जाऊन बसावं असंही कोणी सुचवेल. तो विषय राजकीय असल्याने ग्रुपच्या नियमात बसत नाही. शिलकेतून पुढच्या स्नेहमेळाव्याचे टी-शर्ट करावेत. चिपळूणच्या मित्रांना टी-शर्टची वर्गणी माफ ठेवा, आणि माफ केली आहे हे पाठीवर ठळक छापून घ्या.