हलकं काही दाखवू नका

आमच्या लहानपणी घरोघरी व्हाइस असे. फक्त तो बिडाचा नसे, हाडामांसाचा असे. घरातलं धाकटं पोर म्हणजे व्हाइस. वडिलांनी हॅक्सॉ हातात घेतला की हाक यायची, "इकडे ये रे, हे जरा धर. आणि हलवू नकोस." मग स्टुलावर आडवी ठेवलेली नळी दोन हात आणि एक गुडघा लावून दाबून बसायचं. काप तिरका गेला तर दोष करवतीचा नसे, कापणाऱ्याचा तर नसेच नसे. "नुसतं धरायला सांगितलं, तेवढंही होत नाही," हे वाक्य ऐकत माझी पिढी मोठी झाली. पुढे बढती मिळून मी कापणारा झालो, तेव्हा तोच प्रयोग चिरंजीवांवर करून पाहिला. "बाबा, पण किती वेळ?" त्यांनी विचारलं. ज्या व्हाइसला प्रश्न पडतात तो काय कामाचा? विकतचाच आणायचं ठरलं.

घरातून मंजुरी मिळाली ती एका अटीवर: "आणा, पण छोटासा आणा." बाल्कनीच्या ज्या कोपऱ्याला मी वर्कशॉप म्हणतो त्याला घरात 'तिकडचं ते सगळं' म्हणतात, तेव्हा अट रास्तच होती. शिवाय जमानाही हलक्याचा आहे. घडीची खुर्ची, बोटावर उचलता येणारी बॅग, पाठीवर आहे की नाही ते चाचपून बघावं लागेल असा लॅपटॉप. विकणारा आधी "बघा, किती लाइट आहे" म्हणतो आणि मग किंमत सांगतो. पाटा-वरवंटा गेल्यापासून जड असणं हा गुण मानावा अशी वस्तू मध्यमवर्गीय घरात उरलेलीच नाही. व्हाइसबद्दल मात्र कोणी "किती लाइट आहे" म्हणालं, तर गिऱ्हाइकाने चपला घालाव्यात.

छोट्यात छोटा प्रकार टेबलाच्या कडेला खालून स्क्रूने आवळायचा असतो. दिसायला मोठा गोंडस. घड्याळाच्या पट्ट्याची पिन बसवायला, सोल्डरिंग करताना वायर धरायला तो उत्तम, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात लोखंडी पट्टी धरून कानस चालवून बघा. कानशीचे दाते पुढे जातानाच कापतात. पट्टी जागची हलली नाही तर तुमचा जोर कीस पाडतो. हलली तर तोच जोर सामान हलवण्याच्या कामी येतो. पट्टी, व्हाइस, टेबल आणि टेबलावरचा चहा अशी सगळी मंडळी मिळून समोरच्या भिंतीकडे निघतात.

पुण्यात असल्या खरेदीला रविवार पेठेतल्या बोहरी आळीला पर्याय नाही. सोबत मामांना घेतलं. मामा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही दाखवायला नेत नाही अशी त्यांची तक्रार होती. दुकानदाराने विचारलं, "किती इंची?"

"छोटा."

"तीन, चार, पाच, सहा. छोटा कुठला त्यातला?"

हे इंच जबड्याच्या रुंदीचे असतात. साधारण तेवढाच, किंवा थोडा जास्त, जबडा उघडतो. "घरगुती कामाला" म्हणताच त्याचा हात तीन इंचीकडे गेला. घरगुती म्हटलं की अक्रोड फोडणारे लोक डोळ्यांसमोर येत असावेत. मामा म्हणाले, "चार दाखवा. आणि हलकं काही दाखवू नका."

चार इंची व्हाइस सात-आठ किलोच्या आसपास जातो. सहा इंची हवा असतो सगळ्यांनाच, पण तो त्याच्या दुपटीने भरतो आणि मग टेबलही त्याच्या तोलाचं लागतं, टेबलाला जमीन लागते. तीन इंचीत वजन आणि पकड दोन्ही बेताची. चार म्हणजे गच्चीच्या दाराची बिजागरी ते सायकलचं पेडल, एवढा संसार सांभाळणारा मापाचा.

मामा दुकानदाराशी बोलत नाहीत, ते थेट व्हाइसशी बोलतात. पहिला समोर आला तो त्यांनी उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "पुढचा." दुसऱ्याचे जबडे पूर्ण मिटवले, व्हाइस पोटाशी धरून ट्यूबलाइटखाली नेला आणि एक डोळा मिटला. डाव्या कोपऱ्यात उजेडाची केसाएवढी रेघ होती. मला एकदम कॉलेजचं फिटिंग शॉप आठवलं. तिथले सर आमचा जॉब गुण्याला लावून असाच खिडकीकडे धरायचे, आणि उजेड दिसला की काही न बोलता परत द्यायचे. मामांनीही काही न बोलता परत दिला.

तिसऱ्याचा जबडा अर्धा उघडून, पुढचा सरकता भाग धरून त्यांनी वरखाली हलवला. कट्कट् आवाज आला. "हा बोलतोय," मामा म्हणाले. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे, बसेल." मामा म्हणाले, "नवा असताना बोलतोय, जुना झाल्यावर भाषण करेल." त्या सरकत्या दांड्याला खेळ असला की आवळताना जबडा वर उचलला जातो आणि जॉब तिरपा धरला जातो, हे मला त्यांनी बाहेर आल्यावर समजावलं, कारण दुकानात ज्ञान उघड केलं की भाव चढतो असा त्यांचा सिद्धांत आहे.

चौथ्याच्या रंगावर नखाने खरवडलं, तर आतून लांबी निघाली. बीड ओतताना राहिलेले खड्डे लांबीने भरून वर झकास निळा रंग दिला होता. मग खिशातून पाना काढून दोन व्हाइसवर वाजवला. बिडाचा आवाज थड् असा बसका येतो, पोलादाचा टण्ण. बीड वाईट नव्हे. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते थरथर गिळून टाकतं आणि दाब कितीही सोसतं. ओढ आणि घणाचा फटका मात्र त्याला सोसत नाही, सरळ तडकतं. एस. जी. आयर्नमध्ये तेच ग्रॅफाइट गोळीच्या आकारात असतं, म्हणून ते चिवट आणि अर्थात महाग. मी ठोकाठोकी करणारा नाही असं मामांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग थोडं महागच घे."

एव्हाना दुकानदाराने चहा मागवला होता.

आता प्रश्न बैठकीचा. फिरत्या बैठकीचा व्हाइस दाखवताना त्याने तो गर्रकन फिरवला आणि माझं मन त्यात पार गुंतलं. घरातली कुठलीच गोष्ट माझ्या मनासारखी फिरत नाही, ही निदान फिरेल. पण मामा ठाम. जितके सांधे तितकी ढिलाई. शिवाय फिरणाऱ्या बैठकीत उंची वाढते, आणि भरात आल्यावर खालचा नट नेमका सैल निघतो. लांबलचक नळ्या वेगवेगळ्या कोनांत धराव्या लागतात त्यांनी फिरता घ्यावा. बाल्कनीत व्हाइस फिरवला तरी तो भिंतीकडे, कुंड्यांकडे नाहीतर वॉशिंग मशीनकडे बघणार.

मधेच मला जुन्या बाजाराची हुक्की आली. बुधवारी आणि रविवारी तिथे भंगारात शेफिल्डचा एखादा निळा 'रेकॉर्ड' कंपनीचा व्हाइस हाती लागतो, अशा दंतकथा हत्यारवेडे लोक एकमेकांना सांगत असतात. मामा म्हणाले, "लागतो. पण आटे झिजलेत का ते दिसतं, आतला नट झिजलाय का ते दिसत नाही." विषय संपला.

दांडी फिरवून बघताना जे घडतं त्याचा हिशेब मी घरी केला आणि स्वतःवरच खूश झालो. दांडीचा हात 125 मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात आपली मूठ सुमारे 785 मिलिमीटर चालते आणि आट्याचं अंतर 4 मिलिमीटर असेल तर जबडा तेवढाच सरकतो. म्हणजे जोर जवळपास 196 पट. दांडीला 10 किलोचा रेटा दिला आणि घर्षणाने त्यातला तीन-चतुर्थांश खाल्ला, तरी पट्टीवर पाचशेच्या आसपास किलो येतात. हे खाणारं घर्षणच, दांडी सोडून आपण फोन घ्यायला गेलो तरी, जबडा सुटू देत नाही. म्हणूनच दांडीत नळी घालून आणखी आवळायला जाऊ नये. तसं करणाऱ्यांच्या वाकड्या दांड्या मामांनी नोकरीत पुष्कळ सरळ केल्या आहेत.

एवढ्या जोरात धरल्यावर जबड्यांच्या पोलादी पट्ट्यांवरच्या रेघा पितळी नळावर कायमच्या उमटतात. त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे टोपीसारखे बसवायचे. मी सध्या जुन्या कोल्हापुरीच्या तळाचं कातडं वापरतो. पकड छान येते, फक्त आवळताना वासावरून पाहुणे बुटांच्या रॅककडे बघतात.

खरी मारामारी घरी आल्यावर झाली. तीन सुती बोल्ट, खालून जाड वॉशर, दीड इंची फळी, फळी भिंतीत पक्की, आणि मागचा स्थिर जबडा फळीच्या कडेच्या किंचित बाहेर, म्हणजे लांब वस्तू उभी धरता येते. इथवर सगळं मामांच्या देखरेखीखाली सुरळीत पार पडलं. मग ते म्हणाले, "जबड्याचा माथा कोपराच्या उंचीला हवा. उभा राहा बघू." मी उभा राहिलो. त्यांनी पेन्सिल लावली.

"कोणाच्या कोपराच्या?" आतून आवाज आला.

हिने तोवर, व्हाइस नुसता जमिनीवर पडलेला असताना, त्यात मिक्सरचा अडकलेला कपलर सोडवला होता, उलथन्याची मान सरळ केली होती आणि तिच्या मैत्रिणीच्या कुकरचं हँडल दुपारी येणार होतं. मी अजून एक साधा खिळाही त्यात धरला नव्हता. "मामा, तुम्हीच सांगा, जास्त वापरणार त्याच्या मापाने लावायचा ना?"

"शास्त्र तसंच आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्या कोपराची रेघ खोडली.

त्यामुळे हल्ली कानस चालवताना मी कमरेत चांगलाच वाकलेला असतो. समोरच्या इमारतीतल्या आजी त्या वेळी गॅलरीत आल्या, की तिकडून हात वर करून "औक्षवंत हो" म्हणतात.